बिनतारी कंट्रोलरचा रोबो: आधी थांबवावा, मग चालवावा

खेळातील बिनतारी कंट्रोलर हाती घेऊन जमिनीवर धावणारे एखादे लहानसे यंत्र चालवावे अशी इच्छा ज्यांच्या मनात आहे, आणि जे हिंजवडीच्या आयटी पार्कच्या तीन टप्प्यांपैकी कोठल्या तरी कचेरीत दिवसभर आज्ञावली लिहितात किंवा अशा आज्ञावलीकारांच्या घरी वाढत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या वाचकवर्गाची एक बाजू मुळातच भक्कम असते. तर्काची मांडणी, दोषांचा शोध आणि इतरांनी मुक्तपणे उपलब्ध करून दिलेल्या आज्ञावलींचा वापर या गोष्टी त्याला शिकवाव्या लागत नाहीत. त्याला अपरिचित असते ती दुसरी बाजू: तापणारी तार, खचणारा व्होल्टेज, सैल स्क्रू आणि वस्तुमान असलेले, भिंतीवर आदळू शकणारे शरीर. म्हणून प्रस्तुत मार्गदर्शनात आज्ञावलीपेक्षा विद्युत्प्रवाहाला आणि चालण्यापेक्षा थांबण्याला मी अधिक जागा देणार आहे. कारण माझे निश्चित मत असे आहे, की दुरून हुकूम घेणाऱ्या यंत्राची खरी परीक्षा हुकूम मिळाल्यावर होत नाही; हुकूम मिळेनासा झाल्यावर होते.

हा प्रश्न नवा नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींनी चालणारी लहान नौका दाखविली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिचे पेटंट मिळविले, तेव्हापासून दूरनियंत्रित यंत्राची मूळ रचना तीच राहिली आहे: हुकूम पाठविणारा, हुकूम वाहून नेणारी लहर आणि हुकमाची तामिली करणारे यंत्र. बदल झाला तो इतकाच, की पूर्वी ज्या गोष्टीसाठी प्रयोगशाळा लागे ती आज घरातल्या दूरदर्शनसंचाखालच्या कप्प्यात, मुलाच्या प्लेस्टेशनजवळ पडलेली असते.

आपल्या परिसरापुरते बोलायचे, तर या छंदाला पुण्यात मोठी परंपरा आहे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची रोबोकॉन स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली आणि तिची आंतरराष्ट्रीय फेरी दोनदा, २००८ व २०१४ साली, पुण्यात भरली. तीही मुळा नदीच्या पलीकडे, हिंजवडीपासून जवळच असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात. २००८ सालचा विषय आपल्या दहीहंडीवरून घेतलेला ‘गोविंदा’ हा होता. २०१४ साली माणसाने चालवावयाचा ‘पालक’ रोबो आणि स्वयंचलित ‘बालक’ रोबो अशी जोडी मैदानात उतरली व पालकाने बालकाला झोपाळा, सीसॉ अशा खेळांवर खेळवावे अशी योजना होती. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत या स्पर्धेसाठी वर्षानुवर्षे रात्री जागविल्या जातात. या स्पर्धेचे चित्रमुद्रण पाहण्याची संधी मिळाल्यास चालकाच्या हातांकडे अवश्य पाहावे. निष्णात चालक कंट्रोलरवरची कांडी, म्हणजे जॉयस्टिक, झटक्याने रेटीत नाही. तो तिला हळूहळू दाबतो आणि इष्ट जागेच्या अलीकडेच सोडून देतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला निर्णय कंट्रोलर आणि त्याचे ऐकणारे कार्ड यांच्या जोडीचा, आणि तो एकत्रच करावा लागतो. प्लेस्टेशन-४ चा ड्युअलशॉक कंट्रोलर जुन्या पद्धतीचे, म्हणजे ‘क्लासिक’ ब्लूटूथ वापरतो. एक्सबॉक्सचे अलीकडचे कंट्रोलर कमी ऊर्जेचे ब्लूटूथ वापरतात. ईएसपी-३२ या नावाने बाजारात मिळणारे मूळ कार्ड दोन्ही जाणते. परंतु त्याच कुळातील एस-३ आणि सी-३ ही नवी भावंडे केवळ कमी ऊर्जेचे ब्लूटूथ जाणतात, त्यामुळे त्यांच्याशी ड्युअलशॉकची ओळख कितीही खटपट केली तरी होत नाही. नवे ते अधिक चांगले या समजुतीने एस-३ विकत घेऊन नंतर आज्ञावलीत दोष शोधीत बसण्यापेक्षा दुकानातच कार्डावरील धातूच्या झाकणावर कोरलेले नाव वाचून घ्यावे. आज्ञावलीसाठी ‘ब्लूपॅड-३२’ हा मुक्त ग्रंथसंच घ्यावा. बहुतेक प्रचलित कंट्रोलरांची भाषा त्याला ठाऊक आहे.

जोडणीच्या वेळी ड्युअलशॉकवरील शेअर आणि पीएस ही दोन बटणे एकदम दाबून धरली, की त्याचा दिवा भराभर लुकलुकू लागतो आणि कार्ड त्याला ओळखते. येथे घरच्या शांततेसाठी एक सूचना: हा कंट्रोलर एका वेळी एकाच धन्याला लक्षात ठेवतो, म्हणून रोबोशी जोडल्यावर तो प्लेस्टेशनला विसरतो आणि पुन्हा केबलने जोडून त्याला जुनी ओळख करून द्यावी लागते. मुलाच्या खेळाच्या ऐन वेळी हा शोध लागण्यापेक्षा त्याला आधीच सांगून ठेवलेले बरे. तसेच पहिली जोडणी यशस्वी होताच नव्या कंट्रोलरांना जोडणीची मनाई करणारी ओळ आज्ञावलीत घालावी. गृहसंकुलात शेजारच्या सदनिकेतील कंट्रोलरने आपल्या रोबोचा ताबा घ्यावा, ही शक्यता ठेवण्याचे कारण नाही.

सामानासाठी पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत एकदा स्वतः जावे अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. घरपोच येणाऱ्या बंद संचात मोटर, चाके, तारा सारे एकत्र मिळते हे खरे; पण कोणता जिन्नस का घेतला हे त्यात कधीच कळत नाही, आणि मोडल्यावर नेमके काय आणावयाचे हेही कळत नाही. गल्लीत मोटर हातात घेऊन तिचा दांडा फिरवून पाहता येतो, चाक तिच्यावर घट्ट बसते की नाही हे तिथल्या तिथे तपासता येते. पहिल्या रोबोसाठी पिवळ्या गिअरपेटीच्या दोन ‘बीओ’ मोटरी, त्यांची ६५ मिलिमीटर व्यासाची दोन चाके आणि एक कॅस्टर, म्हणजे कोणत्याही दिशेस वळणारे लहान आधारचाक, एवढे पुरते. वेगाचा हिशेब आधीच करून ठेवावा: ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे २०४ मिलिमीटर, मोटर मिनिटास १५० फेरे करीत असेल तर रोबो सेकंदास अर्धा मीटर चालेल आणि ३०० फेऱ्यांची घेतली तर एक मीटर. दिवाणखान्यात अर्धा मीटर पुष्कळ झाला. हा आकडा पुढे थांबण्याच्या हिशेबात पुन्हा लागणार आहे.

मोटर ड्रायव्हर, म्हणजे कार्डाच्या हुकमाप्रमाणे मोटरींना प्रवाह पुरविणारी पाटी, मागितला की दुकानदार बहुधा लाल पाटीवरचा, काळ्या उष्णताशोषकाचा एल-२९८ पुढे करतो. तो दणकट आहे, स्वस्त आहे. पण एक अँपिअर प्रवाहास तो स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खाऊन टाकतो आणि ते उष्णतेच्या रूपाने वाया घालवितो. साडेसात व्होल्टांच्या बॅटरीतून दोन व्होल्टांची ही चोरी परवडणारी नाही. त्याऐवजी टीबी-६६१२ घ्यावा. तो आकाराने नखाएवढा असून प्रत्येक मोटरीला सतत १.२ अँपिअर देऊ शकतो आणि त्यावर ‘स्टँडबाय’ नावाची एक पिन असते, जिच्यासाठी मी हा ड्रायव्हर विशेषेकरून सुचवितो. तिचे महत्त्व पुढे येईल.

बॅटरीसाठी १८६५० या मापाच्या दोन लिथियम सेलची मालिका योग्य. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टांचा, पूर्ण भरल्यावर ४.२ चा, दोन मिळून ८.४. आकर्षक वेष्टनावर ५,००० किंवा ९,८०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला दिसला तर तो सेल खाली ठेवावा, कारण या मापाच्या प्रामाणिक सेलची क्षमता साधारणतः २,००० ते ३,५०० च्या दरम्यान असते. दोन्ही सेल एकाच जातीचे व एकाच वेळी घेतलेले असावेत, आणि त्यांच्यावर दोन सेलचा संरक्षक पट्टा, ज्याला बाजारात ‘बीएमएस’ म्हणतात, तो अवश्य असावा. येथे काटकसर करू नये. सांगाड्यावर खुशाल करावी: जुन्या कपाटाच्या फळीचा किंवा सहा मिलिमीटर प्लायवुडचा तळहाताच्या दीडपट तुकडा कोठल्याही महागड्या ॲक्रिलिकपेक्षा सरस, कारण त्यात हवे तेथे भोक पाडता येते आणि तो तडकत नाही. ज्यांना भंगारात हिंडण्याची हौस आहे त्यांनी रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही एक चक्कर टाकावी.

चाके दोनच का, असे पुष्कळजण विचारतात. बैलगाडी वळविताना गाडीवान एका बैलाला आवरतो आणि दुसऱ्याला पुढे काढतो. आपल्या रोबोचे वळणे अगदी तसेच आहे. डावी मोटर मंद व उजवी वेगवान केली की यंत्र डावीकडे वळते, आणि दोघी परस्परविरुद्ध फिरल्या की जागच्या जागी गिरकी घेते. चार स्थिर चाकांचे यंत्र वळताना मात्र चाके जमिनीवर आडवी घासतात, प्रवाह वाढतो व हाताखाली त्याचे वागणे अडखळते. बॅटरी चाकांच्या आसाजवळ, किंचित कॅस्टरच्या बाजूस ठेवावी.

विद्युत्मांडणीत सर्वात आधी बॅटरीच्या धन तारेवर ३ अँपिअरचा फ्यूज आणि हाताला चटकन सापडेल असा मोठा खटका बसवावा. बाकीचे सारे त्यानंतर. खटक्यापुढे तारेचे दोन फाटे होतात: एक थेट ड्रायव्हरच्या मोटर-पुरवठ्यास, दुसरा व्होल्टेज उतरविणाऱ्या बक कन्व्हर्टरमधून पाच व्होल्ट होऊन ईएसपी-३२ ला. कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून पाच व्होल्ट आल्याची खात्री मल्टिमीटरवर करूनच कार्ड जोडावे. बॅटरी, ड्रायव्हर आणि कार्ड या तिघांचे ग्राउंड एकत्र असलेच पाहिजे; ते नसेल तर हुकमाला संदर्भच उरत नाही आणि चाके मन मानेल तशी थरथरतात. टीबी-६६१२ च्या बाबतीत एक बारकावा असा, की त्याच्या तर्क-पुरवठ्याच्या पिनेस पाच व्होल्ट न देता कार्डाचे ३.३ व्होल्ट द्यावेत. हा ड्रायव्हर आपल्या तर्क-पुरवठ्याच्या सात-दशांशाहून अधिक व्होल्टेजलाच ‘होय’ समजतो. पाचाचे सात-दशांश साडेतीन, आणि ईएसपी-३२ तर ३.३ च्या वर जात नाही. त्यामुळे पाच व्होल्ट दिल्यास मांडणी कधी चालते, कधी चालत नाही, आणि दोष सापडता सापडत नाही.

ज्या स्टँडबाय पिनेचा उल्लेख केला, तिचा स्वभाव असा की तिच्यावर व्होल्टेज नसेल तर ड्रायव्हर दोन्ही मोटरींचा पुरवठा तोडून टाकतो, इतर पिनांवर काहीही हुकूम असो. ही पिन कार्डाला जोडावी आणि शिवाय १० किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला बांधून ठेवावी. कार्ड सुरू होत असताना, पुन्हा सुरू होत असताना किंवा मुळातच बंद असताना तिच्यावर आपोआप शून्य राहते आणि चाके निश्चल राहतात. यंत्राची स्वाभाविक अवस्था थांबलेली असावी, आणि चालण्यासाठी त्याला दर क्षणी मुद्दाम परवानगी मिळत राहावी, अशी ही व्यवस्था आहे. कार्डावरच्या पिना निवडतानाही थोडी खबरदारी लागते: ६ ते ११ या पिना कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीसाठी राखीव आहेत, ३४ ते ३९ यांतून केवळ वाचता येते, आणि १२ क्रमांकाच्या पिनेवर सुरुवातीस व्होल्टेज आढळल्यास कार्ड सुरूच होत नाही. मोटरींसाठी २५, २६, २७, ३२, ३३ यांसारख्या निरुपद्रवी पिना घ्याव्यात.

पहिल्यांदा कांडी पूर्ण पुढे दाबल्यावर एक प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला येतो, त्याचे निदान येथेच सांगून ठेवतो. चाके क्षणभर हलतात, कार्डावरचा दिवा मिटतो, कंट्रोलरचा दिवा पुन्हा लुकलुकू लागतो आणि सारे जोडणीच्या आरंभाशी येऊन थांबते. संगणकवाला वाचक अशा वेळी आज्ञावली उघडतो. त्याने मल्टिमीटर उचलावा. स्थिर मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या पूर्ण अडलेल्या अवस्थेइतका, बीओ मोटरीच्या बाबतीत पाऊण ते एक अँपिअर प्रवाह ओढते. दोन मोटरींनी मिळून तो ओढला की बारीक जंपर तारांत व्होल्टेज खचतो, आणि ईएसपी-३२ मधील संरक्षक यंत्रणा पुरवठा अपुरा पाहून कार्ड स्वतःच पुन्हा सुरू करते. उपाय तीन: बॅटरी ते ड्रायव्हर ही तार जाड आणि सोल्डर केलेली असावी व ब्रेडबोर्डमधून कधीही जाऊ नये; कार्डाच्या पाच व्होल्टांवर ४७० ते १,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा; आणि मोटरींच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा लहान सिरॅमिक कॅपॅसिटर सोल्डर करून ब्रशांची खरखर तेथेच जिरवावी. कार्डातील ही संरक्षक यंत्रणा बंद करण्याची ओळ आज्ञावलीत घालता येते. तो मार्ग कोणी पत्करू नये.

आता आज्ञावली. प्रथम मोटरी न जोडता केवळ कांडीचे आकडे पडद्यावर पाहावेत. ब्लूपॅड-३२ मध्ये ते उणे ५११ पासून ५१२ पर्यंत येतात, आणि कांडी वर ढकलली असता आकडा उणे होतो, म्हणून चिन्ह उलटे करून घ्यावे लागते. कंट्रोलर टेबलावर नुसता ठेवून दिला तरी आकडा शून्यावर स्थिर राहत नाही. कधी ६, कधी उणे ९, जुन्या कंट्रोलरात कधी ३० असा तो चाळवत राहतो, कारण कांडीखाली घासून मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो आणि तो वयोमानाने झिजतो. शून्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे ४० पर्यंतचा पट्टा शून्यच मानावा. जुन्या कंट्रोलरला थोडा अधिक. मोटरीच्या बाजूलाही असाच एक मुका प्रदेश असतो: आज्ञावलीत पूर्ण जोर २५५ धरला, तर साठ-सत्तरपर्यंतच्या जोरावर ती नुसती गुणगुणते, चाक हलत नाही. हा आकडा आपापल्या मोटरीवर काढून घ्यावा आणि कांडीचा पहिला हलकासा स्पर्श थेट तेथून सुरू व्हावा अशी मांडणी करावी. वळण्यासाठी पुढच्या गतीत वळण मिळविले की डाव्या चाकाचा वेग, वजा केले की उजव्याचा. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर एकाच चाकाला कापू नये, दोन्ही चाके त्याच प्रमाणात कमी करावीत, नाहीतर पूर्ण वेगात वळण नाहीसे होते.

आणि आता थांबणे. कांडी सोडली की रोबो थांबतो, यावर समाधान मानणारे पुष्कळ असतात. पण कांडी पुढे दाबलेली असतानाच कंट्रोलरची बॅटरी संपली तर? कार्डाजवळ शेवटचा हुकूम ‘पूर्ण पुढे’ हाच असतो, आणि ते इमानेइतबारे त्याचीच अंमलबजावणी करीत राहते. संबंध तुटल्याची वर्दी ब्लूटूथ देईल या भरवशावर राहावे, तर क्लासिक ब्लूटूथच्या प्रमाणकात असा निष्कर्ष काढण्याची मूळ मुदत २० सेकंदांची आहे. सेकंदास अर्धा मीटर या वेगाने २० सेकंदांत रोबो दहा मीटर जाईल. म्हणजे दिवाणखाना, व्हरांडा आणि जिना. म्हणून आज्ञावलीने स्वतःच घड्याळ पाहावे: कंट्रोलरकडून शेवटची वार्ता केव्हा आली याची वेळ नोंदवावी आणि पाव सेकंद नवी वार्ता आली नाही तर दोन्ही मोटरी शून्य करून स्टँडबाय पिनेवरील परवानगी काढून घ्यावी. पाव सेकंदात आपला रोबो साडेबारा सेंटिमीटर जातो. हे अंतर सोसण्याजोगे आहे. ड्युअलशॉक कांडी हलली नाही तरी सतत वार्ता पाठवितो, त्यामुळे ही पद्धत त्याला लागू पडते; काही कंट्रोलर मात्र बदल झाला तरच बोलतात, तेव्हा आपला कोणत्या जातीचा आहे हे पडद्यावर आधी पाहून घ्यावे आणि मौनी असेल तर या कामी दुसरा घ्यावा. संबंध पुन्हा जुळला म्हणून चाके लगेच फिरू नयेत. कांडी एकदा मध्यावर आल्याचे दिसल्यावरच नवी परवानगी मिळावी. आज्ञावलीत कोठेही ‘इतका वेळ स्वस्थ बस’ असा आदेश असता कामा नये, कारण त्या वेळात घड्याळ पाहणारेही कोणी नसते.

या व्यवस्थेची परीक्षा जमिनीवर उतरण्यापूर्वी करावी. रोबो लाकडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी ठेवावीत, कांडी पूर्ण पुढे धरावी आणि दुसऱ्या हाताने पीएस बटण सुमारे दहा सेकंद दाबून ठेवावे. कंट्रोलर विझताच चाके थांबली पाहिजेत. नंतर चाके फिरत असताना कार्डाचे रीसेट बटण दाबून पाहावे. या दोन्ही कसोट्या उतरल्याखेरीज रोबोला फरशीवर सोडू नये, मग घरातील मंडळी कितीही अधीर झालेली असोत.

हिंजवडीच्या हवेतील गर्दीविषयी दोन शब्द. ब्लूटूथ आणि वाय-फाय हे दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वावरतात. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात २००५ साली परवान्याच्या अटीतून मोकळा झाला, आणि म्हणूनच तो सर्वांचा आहे. कचेऱ्या आणि सदनिका यांच्या दाटीत येथे प्रत्येक भिंतीआड एखादा राउटर असतोच. क्लासिक ब्लूटूथ ७९ वाहिन्यांत सेकंदास १,६०० वेळा उडी मारीत गजबजलेल्या वाहिन्या टाळते, त्यामुळे खेळात सहसा व्यत्यय येत नाही. पण पल्ला घटतो. कार्डाच्या एका टोकास असलेला नागमोडी अँटेना सांगाड्याच्या कडेबाहेर काढावा, त्याच्यावर बॅटरी किंवा धातूची पट्टी येऊ देऊ नये. आपले शरीरही या लहरी शोषते. रोबोकडे पाठ करून कंट्रोलर पोटाशी धरला, की पल्ला आणखी घटतो.

मैदान म्हणून सोसायटीचे तळघरातील वाहनतळ मोहक दिसते. पण मागे येणाऱ्या मोटारीच्या चालकाला जमिनीलगतचे यंत्र दिसत नाही, म्हणून तेथे जाऊ नये. क्लबहाउसची खोली तासाभरासाठी मागून घ्यावी, सेक्रेटरींना यंत्र व खटका दाखवून रीतसर परवानगी घ्यावी. लहान मुले आली तर खटका कोठे आहे हे त्यांनाही दाखवावे.

रोबो नीट थांबू लागला आणि मग नीट चालू लागला, की पुढची भर ज्याच्या त्याच्या आवडीची. मी पहिली भर बॅटरीमापकाची सुचवीन. २० आणि १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी बॅटरीचा व्होल्टेज एक-तृतीयांश करून ३४ क्रमांकाच्या पिनेवर वाचता येतो, आणि तो ६.४ व्होल्टांखाली गेला की कंट्रोलर हातात कंप पावेल अशी ओळ लिहिता येते. खेळ संपल्यावर खटका बंद करून सेल बाहेर काढावेत. पावसाळ्यात रोबो बरेच दिवस नुसता राहणार असेल, तर सेल पूर्ण भरून न ठेवता प्रत्येकी ३.८ व्होल्टांच्या सुमारास ठेवावेत, त्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवाव्यात आणि डबीवर तारीख व मोजलेला व्होल्टेज लिहून ठेवावा.